तुम्ही विचारलंत म्हणून : रॉबर्टशिवायची मद्रुगादा

“रॉबर्ट नाही, तरी तुम्ही मद्रुगादा ऐकायला जाताच कशा?”

हा प्रश्न मला ऑफिसातल्या नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी विचारलाय, ओस्लोतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत विचारला गेलाय, आणि २०१९पासून तर तो थांबलेलाच नाही. विचारायची तऱ्हा बदलते, रोख तोच असतो. मद्रुगादा हा नॉर्वेतला रॉक बँड. २००७ साली त्याचा गिटारवादक रॉबर्ट बुरोस गेला. २००८ साली उरलेल्यांनी निरोपाचा दौरा करून बँड बंद केला. मग दहा वर्षांनी त्याच नावाने पुन्हा उभं राहणं कितपत बरोबर, आणि रॉबर्टसाठी रडलेल्या माझ्यासारखीने तिकीट काढणं कितपत बरोबर? आजवर मी “गाणी आवडतात म्हणून” एवढं सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि अपुऱ्या उत्तरातली मोकळी जागा लोक आपापल्या समजुतीने भरतात. कोणी मला भाबडी ठरवतं, कोणी कृतघ्न. दोन्ही मला मान्य नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बँडची जन्मकथा सांगत बसत नाही. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना ती पाठ असते. उत्तर नॉर्वेतल्या वेस्टेरोलन बेटांवरचं स्टोकमार्कनेस हे छोटं गाव, १८९३ साली सुरू झालेल्या हुर्टिगरुटेन या किनाऱ्याच्या बोटसेवेचं मूळ. तिथली मुलं, आधी ‘ॲबीज ॲडॉप्शन’ आणि नंतर ‘मद्रुगादा’ या नावाने. गायक सिव्हर्ट हॉयेम, बेस वाजवणारा फ्रोडे याकोबसेन, ड्रम्सवर यॉन लाउव्हलान पेटर्सन आणि गिटारवर रॉबर्ट. १९९९चा ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’, २००१चा ‘द नाइटली डिसीज’, २००२चा ‘ग्रिट’, २००५चा ‘द डीप एंड’. इतकं पुरे.

एक गोष्ट मात्र आधीच बाजूला करते. या बँडचं सगळं गांभीर्य ध्रुवीय रात्रीच्या खाती टाकणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आलाय. बेटं, काळोख, थंड समुद्र, म्हणून म्हणे असा आवाज. त्याच किनाऱ्यावर गावोगावी शाळांचे ब्रासबँड उत्साहात कूच वाजवत फिरतात, त्यांनाही तोच हिवाळा असतो. हवामानाने गाणी होत नाहीत. गाणी झाली ती चार माणसांनी एकमेकांचं नीट ऐकलं म्हणून, आणि त्यात दोघांमधलं अंतर फार नेमकं होतं म्हणून. सिव्हर्टचा आवाज खालच्या पट्टीतला, जड, भरीव. असा आवाज मिळाला की बहुतेक बँड त्याच्या मागे गालिचा अंथरून गप्प बसतात. रॉबर्ट तसं करत नसे. सिव्हर्टने ओळ संपवली की तो तिच्या शेवटाला चिकटून एक लांब, थरथरता सूर ओढायचा, आणि तो सूर पुष्कळदा गाण्याच्या म्हणण्याला विरोध करायचा. ‘व्होकल’ ऐका. पहिल्याच रेकॉर्डचं ते पहिलंच गाणं. गायक घाई करत नाही आणि गिटार त्याला घाई करू देत नाही. ‘स्ट्रेंज कलर ब्लू’मध्ये उलट, तिथे गिटार पुढे पळते आणि आवाज तिला धरून ठेवतो. हे ज्याने ऐकलंय त्याला “रॉबर्टशिवाय कसं?” हा प्रश्न पडणारच. मलाही पडला. तो पडला नसता तर मी त्यांची श्रोतीच नव्हते असं म्हणावं लागेल.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला मी हलका समजत नाही. मला खटकतो तो त्यातला ठामपणा.

यॉनचं उदाहरण घ्या. तो २००२च्या सुमारास बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी आधी सिमेन व्हांगेन आला, मग एर्लांड डाहलेन. ‘द डीप एंड’ लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाला, ‘द किड्स आर ऑन हाय स्ट्रीट’ रेडिओवर दिवसभर वाजायला लागलं, गायिका आने ब्रुनबरोबरचं ‘लिफ्ट मी’ घराघरांत पोचलं, आणि त्या काळात कोणीही, अगदी कोणीही, “यॉन नाही तर ही मद्रुगादा कसली?” असं म्हटलं नाही. म्हणजे स्थापनेपासूनचा माणूस गेला तरी नाव टिकतं हे तुम्ही तेव्हाच मान्य केलेलं होतं. आणि २०१९ साली ड्रम्सवर बसला होता तो यॉनच. ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ वाजवणाऱ्या चौघांपैकी तिघे. २००८च्या निरोपाच्या दौऱ्यावर त्यातले दोघेच होते. मोजायचंच तर २०१९चा बँड १९९९च्या बँडला अधिक जवळचा होता.

हे मी खूपदा, खूप जोरात सांगितलंय. आणि सांगताना दर वेळी मला ठाऊक असतं की ते पूर्ण उत्तर नाही. यॉन जिवंतपणी बाहेर पडला होता. त्याला विचारता येत होतं, तो हो म्हणू शकत होता, नाही म्हणू शकत होता. रॉबर्टला कोणी विचारू शकत नाही. माझ्या हिशेबात जो उणा एक राहतो तो इतर उण्यांसारखा नाही, हे मला कळतं.

आता ज्या मैत्रिणीमुळे हा प्रश्न माझ्यासाठी संगीतापुरता उरत नाही, तिच्याबद्दल सांगते. तिचं नाव लिहीत नाही. ती वेस्टेरोलनची. मी ओस्लोत नवी होते, भाषा अडखळत बोलत होते, तेव्हा तिने मला ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ची सीडी हातात दिली आणि म्हणाली, “हे आमच्याकडचे आहेत.” त्या ‘आमच्याकडचे’मध्ये सांगली-मिरजेचा माणूस किराणा घराण्याच्या गवयाबद्दल बोलतो तसा हक्क होता, आणि तो मला लगेच ओळखीचा वाटला. पुढे ओस्लोतल्या रॉकफेलर सभागृहात, ओयाच्या संगीत महोत्सवात, जिथे जमेल तिथे आम्ही दोघी जायचो. ती नेहमी रॉबर्टच्या बाजूला उभी राहायची, मी तिच्या शेजारी. सिव्हर्ट मधे असायचा, पण आमची नजर कायम तिरकी.

२००७च्या जुलैत, १२ तारखेला, रॉबर्ट त्याच्या ओस्लोतल्या घरी मृतावस्थेत सापडला. वय ३१. जुलैत हे शहर ओस पडतं, सगळे सामाईक सुट्टीवर गेलेले असतात. ती तेव्हा आईकडे उत्तरेत होती. फोन तिनेच केला. रडली नाही. म्हणाली, “नवा रेकॉर्ड अर्धा झालाय. आता काय करतील?” मला तो प्रश्न त्या क्षणी विचित्र वाटला. माणूस गेलाय आणि ही रेकॉर्डचं विचारतेय. पण तिने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. त्यानंतरची सगळी भांडणं त्या एका प्रश्नाचीच आहेत.

काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. रॉबर्टचं बरंच वादन आधीच ध्वनिमुद्रित झालेलं होतं. सिव्हर्ट आणि फ्रोडे यांनी काम पुरं केलं, आणि २००८च्या जानेवारीत रेकॉर्ड आला, बँडच्याच नावाने. त्याला दुसरं नाव त्यांनी दिलं नाही.

तिने मला बजावलं होतं, एकटीने ऐकायचा नाही. म्हणून मी सीडी आणून तशीच ठेवली. ती शनिवारी संध्याकाळी आली. आमचा नियम जुना होता, पहिल्या खेपेला मधे बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. नऊ गाणी. ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू यू?’ने सुरुवात. हे नाव कोणत्याही साध्या वर्षी साधंच वाटलं असतं. त्या वर्षी ते कानाला सोसवेना. ‘लुक अवे ल्युसिफर’ला तिने डोळे मिटले. ‘हनी बी’ला मी तिच्याकडे पाहिलं, ती किंचित हसत होती, कारण गिटार अगदी त्याची होती, ओढाळ, थोडी उशिरा येणारी. तोवर सगळं ठीक चाललं होतं. मला तर वाटायला लागलं होतं की हे करणं किती योग्य होतं. त्याने वाजवलंय, ते डब्यात बंद ठेवून कोणाचं भलं झालं असतं?

आठवं गाणं, ‘व्हॅली ऑफ डिसेप्शन’, संपलं. मग नववं आलं. ‘आवर टाइम वोन्ट लिव्ह दॅट लाँग’. आणि गायला लागला तो रॉबर्ट.

सिव्हर्ट नाही. बँडच्या रेकॉर्डवर मुख्य गायक म्हणून ज्याला आम्ही कधी ऐकलं नव्हतं तो. सिव्हर्टच्या आवाजासारखा घडवलेला, जागा भरून टाकणारा आवाज नव्हे. साधा, जवळून येणारा, कानाशी बोलल्यासारखा. आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही मुद्दाम काही वाचलंही नव्हतं. मैत्रिणीने काही क्षण ऐकलं आणि उठून प्लेअर बंद केला. गाणं पुरं होऊ दिलं नाही. नियम तिचाच होता आणि मोडलाही तिनेच.

मी म्हणाले, “अगं, संपू दे की.”

ती म्हणाली, “हे आपल्याला ऐकवायला नको होतं.”

मी वाद घातला. मला वाटत होतं, रेकॉर्डच्या शेवटी त्यालाच बोलू देणं यापेक्षा सन्मानाचं दुसरं काय असू शकतं? मित्रांनी स्वतः मागे सरकून त्याला पुढे केलं. मी हे सगळं बोलले, आणि बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाली ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. म्हणाली, “जागा योग्य आहे, तोच तर त्रास आहे. गेलेल्या माणसाच्या आवाजाने शेवट केला की त्यावर कोणी काही बोलूच शकत नाही. रेकॉर्ड बरा आहे की वाईट, हेही कोणी विचारणार नाही आता. रॉबर्टला हे आवडलं नसतं. त्याला लोकांनी वाद घातलेला आवडायचा.”

रॉबर्टला काय आवडायचं हे तिला कसं ठाऊक? तिची त्याच्याशी ओळख नव्हती. मी तसं म्हणाले, आणि ते म्हणायला नको होतं असं मला वाटत नाही, पण त्याने काय झालं ते सांगते. ती कोट घालून निघाली. मी केलेलं वरण तसंच गॅसवर राहिलं. दारात ती एवढंच म्हणाली की तुझ्यासाठी ते संगीत आहे, माझ्यासाठी ते आमच्याकडचे आहेत. ‘आमच्याकडचे’ हा शब्द तिनेच मला दिला होता, आणि त्या संध्याकाळी तिने तो परत घेतला.

ती गेल्यावर मी ते गाणं पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मला ते सुंदर वाटलं. आजही वाटतं. त्याचबरोबर तिचा मुद्दा त्या गाण्यातून मला आजवर बाहेर काढता आलेला नाही. ते लागलं की रॉबर्टबरोबर तीही बोलायला लागते, आणि माझं परीक्षकाचं मन गप्प होतं, अगदी ती म्हणाली होती तसंच. रेकॉर्ड चांगला आहे का? मला वाटतं आहे. ‘ग्रिट’इतका धारदार नाही, ‘द नाइटली डिसीज’इतका खोल नाही, पण चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, यातच ती बरोबर होती याचा थोडा पुरावा आहे.

काही महिन्यांनी आमचं बोलणं सुरू झालं, जुन्या मैत्रिणींचं होतं तसं, त्या संध्याकाळचा उल्लेख टाळून. नोव्हेंबरची तिकिटं तिनेच काढली. १५ नोव्हेंबर २००८, ओस्लो स्पेक्ट्रम, शेवटचा कार्यक्रम. ती म्हणाली, निरोप द्यायला जायचं. हजारो माणसं होती. त्या रात्रीबद्दल मी जास्त लिहिणार नाही. अनेकांनी लिहिलंय, आणि माझं त्यांच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. ‘मॅजेस्टी’ला सगळं सभागृह गात होतं. रॉबर्टच्या बाजूला दुसऱ्यांनी वाजवलं आणि ते अदबीने वाजवलं. परत येताना ट्राममध्ये ती म्हणाली, “झालं.” मीही म्हणाले, झालं.

त्या रात्री मी वहीत लिहिलं होतं, “यांनी आता हे नाव पुन्हा वापरू नये. वापरलं तर मी जाणार नाही.” वही माझ्याकडे आहे, म्हणून शब्द बदलून सांगायची सोय नाही. तुमच्यापैकी जे मला प्रश्न विचारतात ते खरं तर त्या वहीतल्या बाईच्या बाजूने उभे असतात, आणि तिच्याशी माझं भांडण तुमच्याशी असलेल्या भांडणापेक्षा जुनं आहे.

तिला मी म्हणते, तू ‘झालं’ म्हणालीस कारण तुला त्या रात्री एक शेवट हवा होता आणि तो फार चांगला मिळाला. भरलेलं सभागृह, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, शेजारी मैत्रीण. पण तो शेवट तुझा होता. सिव्हर्ट तेव्हा ३२ वर्षांचा होता. त्याने, फ्रोडेने, यॉनने पोरवयात केलेली गाणी पुढची चाळीस वर्षं वाजवायची नाहीत, कारण तुला ट्राममध्ये एक वाक्य बरोबर जमलं?

ती म्हणते, वाजवू देत की. त्याच्या स्वतःच्या नावाने वाजवू दे. सिव्हर्टचं स्वतःचं नाव मोठं आहे.

आणि ते खरंच आहे. ‘मून लँडिंग’, ‘लाँग स्लो डिस्टन्स’, ‘एंडलेस लव्ह’, ‘लायनेस’, एकामागून एक रेकॉर्ड आले. अथेन्सला अक्रोपोलिसच्या पायथ्याशी हेरोडेस ॲटिकसच्या प्राचीन रंगमंदिरात त्याने एकट्याच्या नावावर कार्यक्रम केला, ‘लाइव्ह ॲट अक्रोपोलिस’ म्हणून त्याचा रेकॉर्डही आहे. म्हणून “पैशासाठी परत आले” असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मी चिडते. ज्या माणसाला ते रंगमंदिर मिळतं त्याला जुन्या नावाच्या कुबड्या लागत नाहीत. पण हेच उत्तर उलटूनही येतं. लागत नव्हत्या, तर घेतल्या का? यावर माझ्याकडे अंदाज आहे, उत्तर नाही. माझा अंदाज असा की फ्रोडे आणि यॉन या दोघांच्या मधे उभं राहूनच जो आवाज निघतो तो त्याला एकट्याला मिळत नव्हता. सिव्हर्टचे एकट्याचे रेकॉर्ड मी प्रेमाने ऐकते, आणि त्यांत तो कायम पुढे असतो, अडवणारं कोणी नसतं. मद्रुगादात फ्रोडेचा बेस त्याला अडवतो. रॉबर्टइतका नाही, पण अडवतो.

पुण्याच्या काकांनी एकदा मला वेगळीच बाजू दाखवली. नाट्यसंगीतात मुरलेला माणूस. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, “अगं, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. मंडळी बंद पडली का? भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले, लोक म्हणाले आता संपलं. चार वर्षांनी नारायणराव राजहंस आले. ‘भाऊरावांशिवाय कसली किर्लोस्कर’ म्हणत बसले असते तर बालगंधर्व कुठे ऐकायला मिळाले असते?” मी त्या उत्तरावर बराच काळ खूश होते. नंतर मला त्यातली गाठ सापडली. किर्लोस्करांची पदं लिहिलेली होती, चाली बांधलेल्या होत्या. तयारीचा नट आला की पद पुन्हा उभं राहायचं आणि नवंही व्हायचं. रॉबर्टचं वाजवणं त्याच्या बोटांपलीकडे कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि दुसरं, २०१९ साली कोणी बालगंधर्व आणलाच नाही. गिटारवर काटो थॉमासेन होता, ख्रिस्टर क्नुटसेन होता, दोघेही कसलेले. पण त्यांना कोणी रॉबर्ट व्हायला सांगितलं नव्हतं आणि कोणी त्याच्यापेक्षा मोठं व्हायलाही सांगितलं नव्हतं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग तुझी मैत्रीण बरोबर आहे.” काका असेच. ज्या बाजूने वाद कमी पडतो तिकडे जाऊन बसतात.

२०१८ साली बातमी आली की पहिल्या रेकॉर्डला वीस वर्षं होताहेत म्हणून दौरा करणार. मी मैत्रिणीला फोन केला. वादासाठी नव्हे, तिकिटांसाठी. इतक्या वर्षांत मला वाटायला लागलं होतं की तीही निवळली असेल. ती शांतपणे म्हणाली, “मी स्पेक्ट्रमला निरोप दिलाय. पुन्हा द्यायचा नाही मला.” मी म्हणाले, हा निरोप नाही. ती म्हणाली, “मग तू जा.” यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला समजावायला जागा उरली नाही.

मी का गेले ते आता स्पष्ट सांगते. तत्त्व म्हणून गेले नाही. यॉनचा हिशेब मांडून गेले नाही, तो हिशेब मी नंतर केला. मला ‘व्होकल’ पुन्हा एकदा मोठ्या आवाजात, छातीला धक्के बसतील असं, माणसांच्या गर्दीत ऐकायचं होतं. घरच्या स्पीकरवर ते होत नाही. शरीराला त्याची भूक होती आणि ती भूक मला लाजिरवाणी वाटत नाही. त्यांनी पहिला रेकॉर्ड सगळा वाजवला. ‘व्होकल’ला मी पूर्ण त्यांची होते. ‘स्ट्रेंज कलर ब्लू’ला गिटारचा तो तुकडा आला, अगदी जसाच्या तसा, सूर न सूर, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी रंगमंचाच्या त्याच बाजूला उभी आहे, सवयीने. डावीकडे कोणी नव्हतं. आणि जे वाजत होतं ते फार बरोबर होतं. रॉबर्ट इतकं बरोबर कधी वाजवत नसे. त्याचं दर रात्री थोडं निसटायचं, कुठे सूर जास्त ओढला जायचा, कुठे तो उशिरा परत यायचा. दुसऱ्याच्या हातात ते गाणं जपून ठेवलेलं होतं. कोणी म्हणेल, आदर म्हणून जपलं. असेल. पण जपलेल्या गोष्टीला धोका नसतो, आणि त्यांच्या संगीतात मला धोकाच आवडायचा.

हा माझा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो तुमच्यापैकी कोणीच कधी घेत नाही. तुम्ही नावाबद्दल बोलता, नैतिकतेबद्दल बोलता. संगीतात नेमकं काय कमी झालं हे विचारत नाही.

माझ्या ऑफिसात एक ग्रीक मुलगी आहे. तिकडे या बँडचं वेड इथल्यापेक्षा कमी नाही, काही बाबतीत जास्तच. ती २००८ साली शाळेत होती. रॉबर्टला तिने फक्त रेकॉर्डवर ऐकलंय. मी तिला मैत्रिणीचं म्हणणं सांगितलं, तेव्हा ती जरा दुखावून म्हणाली, “म्हणजे आम्ही उशिरा जन्मलो म्हणून आम्ही ऐकायचंच नाही?” तिच्यासाठी २०१९ हे पुनरागमन नव्हतंच, तिची मद्रुगादा तेव्हाच सुरू झाली. तिला ती गाणी जपून ठेवलेली वाटत नाहीत. मला जिथे रॉबर्टची रिकामी जागा दिसते तिथे तिला थॉमासेन दिसतो, आणि तो तिला आवडतो. तिचं ऐकणं माझ्यापेक्षा कमी प्रतीचं आहे असं म्हणायला मी तयार नाही. मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “तिने जरूर जावं. मी तिला कुठे अडवतेय? मी माझ्याबद्दल बोलतेय.” हे तिचं मला नेहमी न्याय्य वाटतं आणि नेहमी टोचतं, कारण मग उरते मी एकटी. उशिराही जन्मले नाही आणि निरोपही पाळला नाही.

२०२२मध्ये ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ आला तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याचं कारण सांगते. तोवर ते जुनी गाणी वाजवणारा बँड होते, आणि नुसती जुनी गाणी वाजवत राहणं हे रॉबर्टच्या नावावर जगणं आहे, असा आक्षेप घेतला तर मी निरुत्तर होत होते. नवा रेकॉर्ड म्हणजे त्यांनी नव्याने पडायची तयारी दाखवली. ‘नोबडी लव्ह्ज यू लाइक आय डू’ हे चांगलं गाणं आहे, कोणाच्याही सहानुभूतीशिवाय चांगलं. रेकॉर्ड सगळा तसा नाही. संथ गाणी जास्त आहेत, ती एकमेकांत विरघळतात, आणि मधे कोणीतरी येऊन सगळं विस्कटावं असं मला सारखं वाटत राहतं. ते विस्कटणारा माणूस कोण होता हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण बघा, या रेकॉर्डबद्दल मी हे सहज लिहू शकले. आवडलं, नाही आवडलं, कुठे कमी पडलं. २००८च्या रेकॉर्डबद्दल मला ते जमत नव्हतं. मैत्रिणीचीच कसोटी लावायची तर हा रेकॉर्ड तिच्या कसोटीला उतरतो, यावर वाद घालता येतो. मी तिला तसं लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं, ते हवामान आणि तिच्या आईच्या तब्येतीबद्दल होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ही तीच मद्रुगादा आहे का? काही संध्याकाळी मला वाटतं आहे, काही संध्याकाळी वाटतं की हा तीच गाणी गाणारा, तेवढाच जीव असलेला, दुसरा बँड आहे. वहीतल्या बाईने जे लिहिलं ते तिच्या दुःखाला धरून होतं, मी ते खोडलेलं नाही आणि पाळलेलंही नाही. पुढचा दौरा लागला तर मी जाईन. मैत्रिणीला आधी विचारीन, ती नाही म्हणेल, आणि मग ग्रीक मुलीबरोबर जाईन. ती सिव्हर्टच्या अगदी समोर उभी राहते, तिथून फ्रोडेची बोटं नीट दिसत नाहीत म्हणून आमची आत्तापासूनच कुरबुर चालू आहे.

आणि पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर यॉनबद्दल विचारा. जवळजवळ सोळा वर्षांनी परत येऊन त्याच गाण्यांना तो वेगळा ठेका देतो, ‘इलेक्ट्रिक’मध्ये तर मागे रेलून असा वाजवतो की गाणं तिशीतून पन्नाशीत येतं, आणि त्याबद्दल मला आजवर कोणीही काही विचारलेलं नाही.